वहिनीचं माफीपत्र

"तुमची वहिनी शास्त्र घेऊन संडासात जाते," सलोमीबाई म्हणाल्या आणि भरून वाहणारी कळशी तशीच नळाखाली ठेवून माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या.

सलोमीबाई आमच्या शेजारच्या. कंपाउंडात कुणाच्या घरी कोण किती वाजता उठतं, कोण जेवायच्या आधी प्रार्थना करतं आणि कोण नुसतेच डोळे मिटतं, हे त्यांना सगळं ठाऊक असे. मी त्यांना म्हटलं, बायबलाबद्दल असलं काही बोलू नका, आप्पांच्या कानावर गेलं तर तुम्हालाच जड जाईल. त्यावर त्या शांतपणे म्हणाल्या की उद्या शनिवार आहे, तुमची शाळा सकाळची. बारा वाजता चार नंबरच्या दारापाशी येऊन उभ्या राहा आणि स्वतःच्या कानांनी ऐका.

ही अठ्ठ्याहत्तर सालच्या नोव्हेंबरातली गोष्ट. नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, जुन्या मिशनच्या कंपाउंडात आम्ही राहत होतो. आप्पा, म्हणजे माझे वडील यशया बोर्डे, निवृत्त हेडमास्तर आणि चर्चच्या मंडळीचे पंच होते. आई जाऊन सहा वर्षं झाली होती. थोरला भाऊ शांतवन पाटबंधारे खात्यात कारकून होता. मी तेवीस वर्षांची होते आणि मुलींच्या शाळेत मराठी शिकवत होते. माझ्याइतकं शुद्ध आणि वळणदार मराठी त्या तालुक्यात दुसरं कुणी लिहीत नाही, अशी माझी खात्री होती.

वहिनी त्याच वर्षीच्या मे महिन्यात आमच्या घरात आली होती. तिचं माहेरचं नाव हौसा. ते गावंढळ वाटतं म्हणून आप्पांनी लग्नात बदलून हॅना ठेवलं. हॅना म्हणून हाक मारली की ती पहिल्या हाकेला वळत नसे, आणि आप्पा त्याचा संबंध तिच्या अकलेशी लावत. लग्न जुळवणाऱ्या माणसानं मुलगी चौथी पास आहे असं सांगितलं होतं. खरं तर ती दोनच वर्षं शाळेत गेली होती, मग शेळ्यांमागं. हे आम्हाला लग्नानंतर चौथ्या दिवशी कळलं, आणि ज्या रीतीनं कळलं ती सांगितली पाहिजे.

आमच्याकडे रोज संध्याकाळी सात वाजता कौटुंबिक उपासना होई. आधी सगळ्यांनी हातपाय धुवायचे, बायकांनी डोक्यावर पदर घ्यायचा. आप्पा कपाटातून शास्त्र काढत, त्याच्यावरचं जांभळं मखमली कापड सोडत आणि ते शिसवी चौरंगावर ठेवत. त्याला हात फक्त त्यांचा. पानं उलटायची तीही त्यांनीच. स्वयंपाकघरात शास्त्र न्यायचं नाही, खाटेवर पडून वाचायचं नाही, पाय दुमडल्याशिवाय समोर बसायचं नाही. आणि घरातली बाई अडचणीत असली की चार दिवस तिनं उंबऱ्याबाहेर बसून ऐकायचं. शेवटचा नियम कुठून आला हे कुणी विचारलं नाही. मीही वर्षानुवर्षं महिन्यातले चार दिवस उंबऱ्याबाहेर बसत होते आणि त्यातच माझी भक्ती आहे असं मला वाटत होतं.

तर त्या चौथ्या दिवशी प्रत्येकानं दोन-दोन वचनं वाचायची असं ठरलं. वहिनीची पाळी आली. आप्पांनी पट्टीचं टोक ओळीवर ठेवलं. ती बराच वेळ खाली बघत राहिली आणि मग डोळे मिटून तिनं घडाघडा एक स्तोत्र म्हणून टाकलं. चांगलं म्हटलं, सुरात म्हटलं, पण पट्टीखाली पौलाचं पत्र होतं. मी हसले. शांतवनही हसला, पण माझं हसणं मोठं होतं आणि लांबलं, कारण ती डोळे उघडून माझ्याकडेच बघायला लागली. आप्पा हसले नाहीत. त्यांनी शास्त्र मिटलं आणि म्हणाले, "देवाचं वचन म्हणजे अंकलिपी नव्हे. वाचता येईल तेव्हा हात लाव. तोवर ऐक."

त्यानंतर सहा महिने ती रोज संध्याकाळी पदर घेऊन बसत होती आणि ऐकत होती.

शनिवारी बारा वाजता मी कंपाउंडाच्या मागच्या बाजूला गेले. तिथं पत्र्याच्या दारांचे सहा संडास एका रांगेत होते, दोन-दोन घरांत एक. चार नंबरचा आमचा आणि सलोमीबाईंचा. भंग्यानं यायचं बंद केल्यापासून ते धुवायच्या पाळ्या लागल्या होत्या. सलोमीबाईंना गुडघेदुखी होती आणि आमच्या घरातली पाळी अर्थातच वहिनीची होती, म्हणजे दोन्ही पाळ्या तिच्याच. दार आतून लावलेलं होतं. मी श्वास रोखून कान दिला.

आतून कुजबुज येत होती. एक अक्षर, मग थांबून दुसरं, मग दोन्ही एकत्र, मग पुन्हा पहिल्यापासून. असं बराच वेळ. एकदा तिला एक पूर्ण शब्द लागला तेव्हा ती तो शब्द पाच-सहा वेळा म्हणाली, जणू तोंडात घोळवत होती. मला त्या आवाजानं काय वाटावं? मला किळस आली. ती किळस मला अजून आठवते, कारण ती येताना मला बरं वाटत होतं.

ती बाहेर आली. एका हातात टमरेल, दुसरा हात पदराखाली. मी पदर ओढला. खाली लग्नात मंडळीकडून मिळालेला नवा करार, म्हणजे शास्त्राचा दुसरा भाग होता, खिशात मावेल एवढा, कोपरे दुमडलेला.

"द्या तो इकडे," मी म्हटलं.

तिनं दिला. मी तो हातात घेतला नाही. साडीचा पदर हातावर गुंडाळला, मग घेतला, आणि तसाच पुढं धरून घरी आणला. वाटेत सलोमीबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी मान हलवली, जशी एखाद्याच्या मयतीला हलवतात.

आप्पांना सांगताना मी शब्द निवडून वापरले. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि मला चर्चच्या पाळकसाहेबांकडे पाठवलं.

पाळकसाहेब लोंढे गोल चेहऱ्याचे, भिडस्त गृहस्थ होते. त्यांची बदली आप्पांच्या एका पत्रावर होऊ शकते हे त्यांना माहीत होतं आणि आप्पांनाही. ते संध्याकाळी आले तेव्हा तो नवा करार ओसरीच्या पायरीवर वर्तमानपत्र पसरून त्यावर ठेवलेला होता. त्याच्यावर माशी बसली की आप्पा लांबून हातपंखा हलवत. घरातल्या कुणी त्याला हात लावायचा नव्हता.

बैठकीत पहिला पाऊण तास त्या पुस्तकाचं काय करायचं यावर गेला. पाळकसाहेबांनी सुचवलं की ओल्या फडक्यानं वेष्टन पुसून घ्यावं. आप्पांनी विचारलं, फडक्यानं विटाळ जातो का? मग जाळायचं का, असं पाळकसाहेब म्हणाले आणि स्वतःच घाबरले, कारण देवाचं वचन जाळायचं कसं. शेवटी चर्चच्या मागं बोरीखाली पुरायचं ठरलं. वहिनी स्वयंपाकघराच्या दाराला टेकून हे सगळं ऐकत होती. शांतवन खिडकीतून बाहेर बघत होता. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

पाळकसाहेबांना काय वाटलं कोण जाणे, ते हळूच म्हणाले, "मास्तर, तुमच्या आजोबांना गावच्या शाळेच्या ओट्यावर चढू देत नव्हते. बाहेर चिंचेखाली धुळीत बसून शिकले ते."

"म्हणूनच," आप्पा म्हणाले.

पाळकसाहेबांनी चहाचा कप उचलला.

मग आप्पांनी वहिनीला पुढं बोलावलं आणि विचारलं, हे किती दिवस चाललंय. तिनं सांगितलं, पहिला पाऊस झाल्यापासून. तिथं बसून काय वाचायचीस, असं विचारल्यावर ती म्हणाली की वाचत नव्हते, लावत होते. प्रभूची प्रार्थना तिला लहानपणापासून पाठ होती. रविवारी चर्चमध्ये पाळकसाहेब कुठलं पान काढतात ते बघून तिनं ती जागा शोधली होती, आणि पाठ असलेले शब्द एकेका अक्षराला जुळवत बसली होती. त्यातून जी अक्षरं मिळाली ती घेऊन ती पुढच्या ओळीवर गेली होती.

मी बी. एड. झाले होते. वाचायला शिकण्याची ही रीत मला कुणी शिकवली नव्हती. पण त्या वेळी माझ्या डोक्यात तो विचार आला नाही. मी एवढंच म्हटलं, "घरात चार खोल्या आहेत, वहिनी. तुम्हाला तीच जागा सापडली?"

तिनं माझ्याकडे बघितलं. त्या संध्याकाळभरात तिनं नजर वर केली ती तेवढी एकदाच.

"तिथं कुणी हसत न्हाई," ती म्हणाली.

पाळकसाहेब खाकरले आणि म्हणाले की मुलीनं एवढे कष्ट घेतलेच आहेत तर दोन ओळी वाचून दाखवू दे, आपण ऐकू. आप्पा म्हणाले की त्या जागी शिकलेलं वाचन मी माझ्या घरात ऐकणार नाही. आणि निकाल दिला. सहा महिने चर्चमधलं प्रभुभोजन बंद, आणि उद्याच्या रविवारी मंडळीसमोर उभं राहून क्षमा मागायची. तिला बोलता येणार नाही म्हणून मजकूर मी लिहायचा आणि तिच्या वतीनं मीच वाचायचा. तिनं नुसतं शेजारी उभं राहायचं.

तो मजकूर मी रात्रीच्या जेवणाआधीच लिहून काढला. खाडाखोड एकही नाही. फुलस्केप कागद, निळी शाई, समासाला लाल रेघ. हॅनाच्या अज्ञानामुळे व निर्बुद्ध वर्तनामुळे पवित्र शास्त्राचा अवमान घडला, अशी सुरुवात होती. पुढं घराण्याची अप्रतिष्ठा होती, सासऱ्यांचे उपकार होते, कृतघ्नता होती आणि शेवटी साश्रू नयनांनी क्षमायाचना होती. मी तो आप्पांना वाचून दाखवला. त्यांनी एका ठिकाणी अनुस्वार सुचवला आणि म्हणाले, उत्तम. मला ते बक्षिसासारखं वाटलं. बोरीखाली पुस्तक पुरायला ते स्वतः गेले, हातात सांडशी घेऊन.

रविवारी चर्च भरलेलं होतं. सलोमीबाईंनी त्यांचं काम केलं होतं, एरवी नाताळाशिवाय न येणारी माणसंही आली होती. प्रवचन संपल्यावर पाळकसाहेबांनी आमचं नाव घेतलं आणि नजर खाली वळवली. मी कागद घेऊन पुढं गेले, वहिनी माझ्या मागोमाग. आप्पा पहिल्या बाकावर होते, शांतवन त्यांच्या शेजारी.

मी घसा साफ केला. तेवढ्यात वहिनीनं हात पुढं केला.

मला आधी कळलंच नाही. मग कळलं तेव्हा दीडशे माणसं बघत होती, आणि कागद ओढून धरणं शोभलं नसतं. मी तो दिला.

तिनं कागद दोन्ही हातांत धरला, बोट पहिल्या शब्दाखाली ठेवलं आणि वाचायला लागली. एकेक अक्षर, मग जोडून, मग पूर्ण शब्द. मागच्या बाकांवर बायकांत खसखस पिकली. ती थांबली नाही, तिनं वरही बघितलं नाही. स्वतःचं नाव लावायलाच तिला वेळ लागला, कारण मी हॅना लिहिलं होतं. नंतरचा शब्द अज्ञान. तिथं ती अडली तेव्हा पहिल्या बाकावरून आप्पांचा आवाज आला, "ज्ञा." तीस वर्षं शिकवलेला माणूस, त्यांना राहवलं नाही. तिनं 'ज्ञा' म्हटलं आणि पुढं गेली.

मागची खसखस आपोआप बंद झाली. आता सगळ्यांना त्या बोटाबरोबर चालावं लागत होतं. पुढचं अक्षर कुठलं येणार हे समजत होतं आणि ते यायला वेळ लागत होता.

मग ती पुन्हा थांबली. दोनदा बोट फिरवलं, ओठ हलवले, जमेना. ती माझ्याकडे वळली.

"वन्स, हे काय लिहिलंय?"

मी बघितलं. मी हळू आवाजात सांगितलं.

"ऐकू न्हाई आलं."

"निर्बुद्ध," मी म्हटलं. चर्चचं छत उंच होतं. शब्द वर गेला आणि खाली आला.

"म्हंजे काय?"

तिच्या चेहऱ्यावर मी काहीतरी शोधत होते, राग किंवा खोडी, काहीही. तिथं तसलं काही नव्हतं. तिला अर्थ माहीत नव्हता, आणि कळल्याशिवाय तिला पुढं जायचं नव्हतं. मी मराठीची शिक्षिका होते. माझ्या वर्गातल्या अकरा मुली डाव्या बाजूच्या बाकांवर बसल्या होत्या.

"म्हणजे," मी म्हटलं, "ज्याला अक्कल नाही असा."

तिनं मान डोलावली, कागदाकडे वळली, निर्बुद्ध हा शब्द स्पष्ट म्हटला आणि पुढच्या शब्दाखाली बोट ठेवलं. अप्रतिष्ठेपाशी तिनं मला पुन्हा विचारलं. कृतघ्नतेपाशीही. प्रत्येक वेळी मला अर्थ सांगावा लागला, दीडशे माणसांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात. साश्रू नयनांचा अर्थ सांगितल्यावर तिनं क्षणभर विचार केला आणि तो शब्द कोरड्या डोळ्यांनी वाचला. सगळं व्हायला वीस मिनिटं लागली. मग तिनं कागदाची नीट घडी घातली, ती कमरेला खोचली आणि जागेवर जाऊन बसली.

घरी येताना फाटकापाशी आप्पा म्हणाले, "जोडाक्षरं कच्ची आहेत." बस. त्या रविवारच्या वाचनावर माझ्या वडिलांनी काढलेले हे एवढेच उद्गार. मग ते आत गेले आणि हातपाय धुऊन कपाटापुढं उभे राहिले.

मला वाटलं, संपलं.

सोमवारी सकाळी शाळेला जायची तयारी करताना स्वयंपाकघरातून आवाज आला. एक अक्षर, मग दुसरं, मग दोन्ही एकत्र. मी दारात गेले. वहिनी चुलीपुढं भाकऱ्या थापत होती. समोर फळीवर, हळदीच्या बरणीला टेकवून, तिनं माझा फुलस्केप कागद उभा केला होता. पुस्तक बोरीखाली गेलं होतं. घरात दुसरं वाचायला तिला कुणी काही दिलं नव्हतं. तिच्या मालकीचा असा लिहिलेला कागद तेवढाच होता.

"तुमचं अक्षर सुरेख हाय, वन्स," मला बघून ती म्हणाली. "छापलेल्यापेक्षा लावायला सोपं जातं."

आप्पांनीही ते ऐकलं होतं. त्यांची हरकत असायचं कारण नव्हतं. ते काही शास्त्र नव्हतं, स्वयंपाकघरात वाचायला चालत होतं. उलट सराव चांगला आहे असं ते म्हणाले. म्हणून ती रोज वाचायची. पहाटे चूल पेटल्यापासून भाकऱ्या होईपर्यंत, कधी दोनदा, कधी तीनदा. मी खोलीचं दार लावून घेई, तरी ऐकू येई. पहिल्या आठवड्यात ती अडखळत होती. दुसऱ्या आठवड्यात फक्त जोडाक्षरांपाशी. डिसेंबर उजाडेपर्यंत ती मी लिहिलेलं प्रत्येक वाक्य असं वाचू लागली की त्यातला एकही शब्द मला चुकवता येईना. इतकं चांगलं माझं लिखाण कुणीच कधी वाचलं नव्हतं.

नाताळाला आठ दिवस असताना मी शाळेतल्या माझ्या टेबलाच्या खणातून माझं स्वतःचं शास्त्र काढलं. बी. एड. ला असताना घेतलेलं, काळ्या पुठ्ठ्याचं. ते घेऊन पहाटे मी स्वयंपाकघरात गेले. रात्रभर मी वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही तोंडातून निघालं नाही.

"वहिनी, हे तुमच्यासाठी," मी म्हटलं. "कुठंही बसून वाचा. मी आप्पांशी बोलेन."

तिनं मागं वळून बघितलं. तिचे हात कोपरापर्यंत पिठात होते. तिनं आधी पुस्तकाकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. आपल्या दारात काही विकायला आलेल्या माणसाकडे बघतात तसं बघितलं.

"ठेवा तिथं, पिठाच्या डब्यावर," ती म्हणाली. "तव्यावर भाकरी हाय. एवढं माझं होऊ द्या."

मी शास्त्र पिठाच्या डब्यावर ठेवलं. ती फळीवरच्या कागदाकडे वळली आणि जिथं थांबली होती तिथून सुरू झाली. अज्ञानामुळे व, असं तिनं म्हटलं, भाकरी उलटली, आणि पुढचा शब्द घ्यायला श्वास घेतला. तो शब्द कुठला हे मला कागद न बघताच ठाऊक होतं.